औषधामागून आलेली तपासणी : पुसद परिसरातील स्टॅफिलोकोकसच्या ओळखीचा इतिहास

एखाद्या भागातील वैद्यकाचा इतिहास लिहिताना साथी, दवाखाने आणि औषधे यांच्या सनावळ्या सहज हाती लागतात. परंतु रुग्णाच्या जखमेतील पू काचपट्टीवर घेऊन त्यातील जंतू कोणता आणि तो कोणत्या औषधाला दाद देईल हे ठरवणाऱ्या कामाची सनावळी सहसा कोणी मांडत नाही. यवतमाळ जिल्ह्यातील पुसद तालुक्यापुरती ती मांडून पाहिली, तर एक गोष्ट ठळकपणे पुढे येते. जंतू मारणारे औषध या भागात पोचले ते जंतू ओळखणाऱ्या तपासणीच्या कितीतरी आधी, आणि या दोहोंमध्ये जी दशके गेली त्यांतच औषधांना न जुमानणाऱ्या जंतूंची बीजे रुजली.

पुसद हे पूस नदीकाठी, डोंगररांगांनी वेढलेले गाव. 1853 मध्ये वऱ्हाडचा कारभार निजामाकडून इंग्रजांकडे गेला. त्यानंतर पुसद तालुका वाशीम जिल्ह्यात होता आणि 1905 च्या फेररचनेत वाशीम जिल्हा मोडून अकोल्याला जोडला गेला तेव्हा पुसद यवतमाळकडे आले. जिल्ह्याचे ठिकाण बदलले तरी त्यापासूनचे अंतर कमी झाले नाही. यवतमाळ पुसदपासून सुमारे शंभर किलोमीटरवर आहे, आणि विसाव्या शतकात रेल्वे पुसदपर्यंत आलीच नाही. हे अंतर या इतिहासात पुन्हा पुन्हा आडवे येते, कारण पुवाचा नमुना हा फार काळ टिकणारा माल नाही. तो वाटेत वाळला किंवा उन्हात तापला, तर त्यातील रोगजंतू मरतात आणि भलतेच जंतू माजतात.

कापूस, ज्वारी आणि तुरीच्या या मुलखात जखम ही रोजची बाब होती. पायात पऱ्हाटीचा किंवा तुरीचा खुंट घुसणे, विळा-कोयता लागणे, बैलगाडीच्या चाकाखाली बोट चेंगरणे, आणि मग ती जागा सुजून, ठणकून पुवाने भरणे हे घरोघरी ठाऊक होते. करट, गळू, केसतूड अशी वेगवेगळी नावे असलेल्या या दुखण्यांवर कणकेची किंवा अळशीची गरम पोटीस बांधून ते पिकवायचे, पिकल्यावर फोडायचे आणि पू निघून गेला की हळद भरायची, हा उपचार पिढ्यान्‌पिढ्या चालत आला. त्यात तथ्यही होते, कारण साचलेला पू बाहेर काढणे हाच आजही गळवावरचा मुख्य उपचार मानला जातो आणि लहान गळू नीट निचरा झाल्यावर अनेकदा औषधावाचूनही बरे होते. ज्या दुखण्यांत पू रक्तात उतरत असे, हाडात शिरत असे किंवा बाळंतिणीच्या स्तनात साठत असे, तेथे मात्र हा उपचार अपुरा पडे. अशा मृत्यूंची नोंद बहुधा नुसती ‘ताप’ अशीच होत असे.

या पुवातील जंतू जगाला माहीत झाला तो 1880 मध्ये. स्कॉटलंडमधील अ‍ॅबर्डीनचे शल्यचिकित्सक अलेक्झांडर ऑग्स्टन यांनी गळवांतील पू सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला, तेव्हा त्यांना गोल आकाराचे जंतू घडाघडाने एकत्र असलेले दिसले. 1882 मध्ये त्यांनी द्राक्षाच्या घडासाठी असलेल्या ग्रीक शब्दावरून त्यांना स्टॅफिलोकोकस हे नाव दिले. दोन वर्षांनी जर्मन शल्यचिकित्सक रोझेनबाख यांनी सोनेरी वसाहती करणारा ऑरियस आणि पांढऱ्या वसाहती करणारा अल्बस असे त्याचे दोन प्रकार वेगळे केले. वसाहत म्हणजे एकाच जंतूपासून वाढून डोळ्यांना दिसू लागलेला ठिपका. त्याच 1884 साली हान्स क्रिस्टियान ग्राम यांनी बर्लिनमध्ये जंतू रंगवण्याची ती पद्धत प्रसिद्ध केली, जिच्यात काही जंतू जांभळा रंग धरून ठेवतात आणि काही तो सोडून देतात. स्टॅफिलोकोकस तो धरून ठेवणाऱ्यांपैकी आहे. या सर्वांइतकेच महत्त्वाचे काम फॅनी हेसे यांचे होते. जंतू वाढवण्यासाठी तोवर वापरले जाणारे जिलेटिन उष्णतेने पातळ होई. समुद्री शैवालापासून मिळणारा आणि स्वयंपाकात वापरला जाणारा अगर त्याऐवजी घ्यावा, ही सूचना त्यांनी केली. अगर शरीराच्या तापमानालाही घट्ट राहतो. वऱ्हाडच्या उन्हाळ्यात जिलेटिनवर जंतुशास्त्र उभे राहणे कठीणच होते, हे ध्यानात घेतले म्हणजे या सूचनेचे मोल कळते.

महाराष्ट्रात जंतुशास्त्र रुजले ते प्लेगच्या निमित्ताने. 1896 मध्ये मुंबईत प्लेग पसरल्यावर वाल्डेमार हाफकिन यांनी ग्रँट मेडिकल कॉलेजातील एका खोलीत लस तयार केली आणि 10 जानेवारी 1897 रोजी ती प्रथम स्वतःला टोचून घेतली. 1899 मध्ये त्यांची प्रयोगशाळा परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसमध्ये गेली आणि 1925 मध्ये ती संस्था हाफकिन इन्स्टिट्यूट म्हणून ओळखली जाऊ लागली. या संस्थेचे ऋण मोठे आहे. तरीही तिच्या जन्मामुळे जंतुशास्त्राला जे वळण लागले ते येथे नमूद केले पाहिजे. साथ आणि लस हे या शास्त्राचे विषय ठरले, ते राजधानीत राहिले, आणि एका शेतमजुराच्या पायातील पुवाची तपासणी हा सरकारी जंतुशास्त्राचा विषय दीर्घकाळ झालाच नाही. साथीने राज्यकर्त्यांना हलवले. करटाने हलवण्याचे कारण नव्हते.

दरम्यान औषध जन्माला आले होते, आणि तेही याच जंतूच्या बशीवर. 1928 मध्ये लंडनच्या सेंट मेरीज रुग्णालयात अलेक्झांडर फ्लेमिंग यांच्या स्टॅफिलोकोकसच्या बशीत बुरशी पडली आणि तिच्याभोवतीचे जंतू विरघळलेले दिसले. पुढे 1940 च्या सुमारास ऑक्सफर्डमध्ये फ्लोरी आणि चेन यांनी त्या बुरशीतील पेनिसिलिन औषध म्हणून सिद्ध केले. स्वतंत्र भारताने ते स्वतः बनवण्याचा निर्णय घेतला. 1954 मध्ये पुण्याजवळ पिंपरी येथे हिंदुस्थान अँटिबायोटिक्स ही सरकारी कंपनी स्थापन झाली आणि युनिसेफ व जागतिक आरोग्य संघटनेच्या साहाय्याने 1955 मध्ये तेथे पेनिसिलिनचे उत्पादन सुरू झाले. परदेशी औषधावर अवलंबून असलेल्या देशाच्या दृष्टीने ही फार मोठी गोष्ट होती.

पिंपरीचे औषध खेड्यापर्यंत नेणारी यंत्रणाही याच काळात उभी राहिली, आणि तिच्या उभारणीशी पुसद तालुक्याचा थेट संबंध आहे. या तालुक्यातील गहुली येथे जन्मलेले वसंतराव नाईक यांच्या अध्यक्षतेखालील समितीने लोकशाही विकेंद्रीकरणाचा अहवाल दिला, त्यावरून 1961 चा जिल्हा परिषद कायदा झाला आणि 1 मे 1962 पासून जिल्हा परिषदा अस्तित्वात आल्या. ग्रामीण भागातील प्राथमिक आरोग्य केंद्रे त्यांच्या अखत्यारीत गेली. नाईक पुढे 1963 ते 1975 या काळात मुख्यमंत्री होते. आरोग्य केंद्र, त्यातील डॉक्टर, गावोगावी फिरणारे कर्मचारी आणि तालुक्याच्या बाजारपेठेतील औषधांची दुकाने यांमुळे पेनिसिलिन, सल्फा आणि नंतरची टेट्रासायक्लिनसारखी औषधे सामान्य माणसाच्या आवाक्यात आली. ज्या जखमेपायी पूर्वी पाय कापावा लागे ती सुईने बरी होऊ लागली, आणि सुईवरचा लोकांचा विश्वास त्या अनुभवातून आला आहे. त्याला अडाणीपणा म्हणणे अन्यायाचे होईल.

मग तपासणी का आली नाही? सूक्ष्मदर्शक नव्हता असे म्हणता येत नाही. 1953 पासूनचा मलेरिया नियंत्रणाचा आणि 1962 पासूनचा क्षयरोगाचा राष्ट्रीय कार्यक्रम यांनी रक्ताची आणि थुंकीची काचपट्टी तालुक्यापर्यंत नेली. विदर्भात तर कुष्ठरोगाच्या कामामुळे, म्हणजे वर्ध्याजवळचे दत्तपूर, बाबा आमट्यांचे आनंदवन आणि अमरावतीचे तपोवन यांच्यामुळे, त्वचेतील जंतू रंगवून पाहणे अनेकांच्या ओळखीचे झाले होते. परंतु या तिन्ही रोगांत काचपट्टी पाहिली की निदान होत असे आणि औषध कार्यक्रमाने आधीच ठरवून दिलेले असे. पुवाचे तसे नाही. काचपट्टीवर जांभळ्या गोल जंतूंचे घड दिसले तरी ते कोणत्या औषधाने मरतील हे त्यांच्या रूपावरून कळत नाही. त्यासाठी ते जिवंत वाढवावे लागतात, आणि जिवंत वाढवायचे तर निर्जंतुकीकरणाचे यंत्र, उबवणी पेटी, शीतपेटी, रक्त मिसळलेला अगर आणि अखंड वीज लागते. राष्ट्रीय कार्यक्रमांनी सूक्ष्मदर्शक दिला, उबवणी पेटी दिली नाही. पुवावर औषध देणाऱ्या डॉक्टरला अंदाजावरच चालावे लागले, आणि तो अंदाज चुकला म्हणजे दुसरे, अधिक महाग औषध हाच मार्ग उरला.

या अंदाजाची किंमत जगात अन्यत्र आधीच दिसू लागली होती. 1940 च्या दशकातच पेनिसिलिनेज हे विकर तयार करून औषधाची रासायनिक कडी तोडणारे स्टॅफिलोकोकस सापडले. लंडनच्या हॅमरस्मिथ रुग्णालयात मेरी बार्बर यांनी दशकाच्या अखेरीस दाखवून दिले की, रुग्णालयातील स्टॅफिलोकोकसमध्ये अशा जंतूंचे प्रमाण वर्षागणिक झपाट्याने वाढत आहे. त्या विकराला दाद न देणारे मेथिसिलिन हे औषध 1959-60 च्या सुमारास आले; पण 1961 मध्ये पॅट्रिशिया जेव्हन्स यांनी कोलिंडेल येथील प्रयोगशाळेत पाच हजारांहून अधिक स्टॅफिलोकोकस तपासले, तेव्हा त्यांत मेथिसिलिनला न जुमानणारे तीन आढळले. हाच पुढे एमआरएसए या नावाने कुप्रसिद्ध झालेला जंतू. त्याच्यापाशी मेक-ए नावाचे जनुक असते आणि ते पेशीभित्ती बांधणारे असे प्रथिन तयार करते की ज्याला पेनिसिलिन कुळातील जवळजवळ कोणतेही औषध चिकटू शकत नाही. या प्रकरणातील सर्वांत विचारात टाकणारा भाग 2017 मध्ये उघड झाला. 1960 ते 1989 या काळातील 209 जुन्या एमआरएसए वाणांची जनुकीय घडण तपासल्यावर संशोधकांनी असा निष्कर्ष काढला की, हे जनुक स्टॅफिलोकोकसमध्ये 1940 च्या दशकाच्या मध्यास, म्हणजे मेथिसिलिन अस्तित्वात येण्याच्या सुमारे पंधरा वर्षे आधी, शिरले होते आणि पेनिसिलिनच्या मोठ्या वापराने त्याला वाव मिळाला. एका औषधाच्या अंदाजी वापरातून दुसऱ्या, अजून जन्मालाही न आलेल्या औषधाविरुद्धचा प्रतिरोध पोसला जाऊ शकतो, असा याचा अर्थ आहे.

पुसदच्या दृष्टीने तपासणीची सोय हळूहळू जवळ सरकत आली. नागपूरचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय 1947 चे, सेवाग्रामची महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्था 1969 ची. ही दोन्ही ठिकाणे दूरची. नांदेड येथे 1988 मध्ये आणि यवतमाळ येथे 1989 मध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालये निघाली, आणि यवतमाळच्या महाविद्यालयाला वसंतराव नाईकांचेच नाव आहे. 1983 मध्ये अमरावती विद्यापीठ स्थापन झाले. महाविद्यालयांतून सूक्ष्मजीवशास्त्र शिकलेले पदवीधर आणि प्रयोगशाळा तंत्रज्ञानाची पदविका घेतलेले तरुण तालुक्याच्या गावांत लॅब चालवू लागले, तेव्हा डॉक्टरच्या चिठ्ठीवर ‘कल्चर-सेन्सिटिव्हिटी’ हे शब्द दिसू लागले. पिंपरीचा कारखाना आणि ही चिठ्ठी यांच्यात साधारण एक पिढी गेली होती.

या तपासणीचा क्रम थोडक्यात समजून घेतला पाहिजे, कारण तिचे यशापयश बारकाव्यांवर ठरते. जखम स्वच्छ करून खोलवरचा पू कापसाच्या निर्जंतुक काडीवर किंवा सिरिंजमध्ये घेतात. त्यातील थोडा काचपट्टीवर ग्रामच्या पद्धतीने रंगवतात आणि उरलेला रक्त मिसळलेल्या अगरवर रेघा ओढून पसरवतात. रात्रभर उबवल्यावर सोनेरी-पिवळसर, फुगीर वसाहती आणि त्यांच्याभोवती रक्तपेशी फुटल्यामुळे पडलेले पारदर्शक कडे दिसले, तर स्टॅफिलोकोकसचा संशय बळावतो. मग वसाहतीचा कण हायड्रोजन पेरॉक्साइडच्या थेंबात मिसळतात. बुडबुडे आले तर तो स्टॅफिलोकोकस, न आले तर बहुधा साखळीने राहणारा स्ट्रेप्टोकोकस. शेवटी जंतू सशाच्या रक्तद्रवात ठेवून चार तासांपर्यंत आणि गरज पडल्यास दुसऱ्या दिवसापर्यंत तो साकळतो का हे पाहतात. ही कोअॅग्युलेज चाचणी होय. रक्तद्रव साकळवणारा तो ऑरियस मानला जातो. जे साकळवत नाहीत, त्यांना एकत्रितपणे कोअॅग्युलेज-ऋण म्हणतात.

येथे तंत्राइतकाच विवेक लागतो. कोअॅग्युलेज-ऋण स्टॅफिलोकोकस प्रत्येकाच्या त्वचेवर असतात, आणि ऑरियससुद्धा सुमारे तीस टक्के माणसांच्या नाकात काहीही त्रास न देता राहतो. रक्ताच्या एकाच नमुन्यात एपिडर्मिडिस हा कोअॅग्युलेज-ऋण जंतू वाढला, तर तो बहुधा सुई टोचताना त्वचेवरून आलेला असतो. पण कृत्रिम झडप किंवा नळी बसवलेल्या रुग्णाच्या दोन-तीन नमुन्यांत तोच पुन्हा सापडला, तर तो खरा रोगकारक असू शकतो. तरुण स्त्रियांच्या लघवीतील सॅप्रोफायटिकस हा याच गटातला जंतू मूत्रमार्गाच्या दाहाचे परिचित कारण आहे. जंतूचे नाव लिहून देणे हे काम अर्धे असते. तो येथे पाहुणा आहे की चोर, हे रुग्णाची हकिगत विचारल्याशिवाय ठरत नाही. ती हकिगत विचारणारा तंत्रज्ञ या व्यवसायात फार मोलाचा आहे.

औषधांची परीक्षा होते ती 1966 मध्ये बावर, कर्बी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रमाणित केलेल्या चकतीच्या पद्धतीने. जंतूचे ठरावीक गढूळपणाचे द्रावण मुलर-हिंटन अगरच्या चार मिलिमीटर जाडीच्या थरावर सारखे पसरवतात, त्यावर औषधात भिजवलेल्या कागदी चकत्या ठेवतात, आणि दुसऱ्या दिवशी प्रत्येक चकतीभोवतीच्या जंतुविरहित वर्तुळाचा व्यास मोजतात. मेथिसिलिन आता वापरात नाही; त्याच्याऐवजी सेफॉक्सिटिनची 30 मायक्रोग्रॅमची चकती ठेवतात, आणि ऑरियसच्या बाबतीत वर्तुळ 21 मिलिमीटर किंवा त्याहून लहान आले तर तो एमआरएसए समजला जातो. एका मिलिमीटरच्या फरकावर रुग्णाचे औषध बदलते, म्हणून अगरची जाडी, द्रावणाचा गढूळपणा आणि चकतीची साठवण यांना इतके महत्त्व आहे.

नेमका येथेच विदर्भाचा उन्हाळा आड येतो. एमआरएसए ओळखण्यासाठी बशी 35 अंश सेल्सिअसच्या वर ठेवू नये असा दंडक आहे, कारण त्याहून अधिक उष्णतेत या जंतूचा प्रतिरोध झाकला जाऊन तो औषधाला दाद देणारा भासू शकतो. साधी उबवणी पेटी तापवू शकते, थंड करू शकत नाही. खोलीचाच पारा चाळिशीच्या पुढे गेला, तर पेटीतले तापमान 35 वर रोखण्याचा उपाय तिच्यापाशी नसतो. मे महिन्यात वातानुकूलित खोली किंवा थंडही करणारी पेटी नसेल, तर अहवाल चुकण्याची शक्यता वाढते आणि ती चूक रुग्णाच्या जिवावर बेतणाऱ्या दिशेचीच असते. ग्रामीण महाराष्ट्राने 2005 नंतर काही वर्षे तासन्‌तासांचे भारनियमन सोसले. त्या काळात शीतपेटीतील चकत्यांचे औषध टिकवणे हेही मोठे काम होते. हे मानदंड समशीतोष्ण देशांतील प्रयोगशाळांनी घडवले आणि पुसदसारख्या ठिकाणी ते पाळण्याचा खर्च स्थानिक तंत्रज्ञाने एकट्याने उचलला, ही बाब या व्यवसायाच्या इतिहासात नोंदवण्याजोगी आहे.

आणखी एक फेरबदल सांगितला पाहिजे. एमआरएसएवरचे जुने भरवशाचे औषध म्हणजे व्हँकोमायसिन; त्याला अर्धवट दाद देणारे वाण जपानमध्ये 1990 च्या दशकाच्या उत्तरार्धात आणि मुळीच दाद न देणारा वाण 2002 मध्ये अमेरिकेतील मिशिगनमध्ये सापडला. चकतीच्या वर्तुळावरून स्टॅफिलोकोकसचा हा फरक ओळखता येत नाही, म्हणून 2009 पासून अमेरिकी मानकसंस्थेने ती चकती या जंतूसाठी रद्द केली आणि औषधाची जंतू रोखणारी किमान मात्रा थेट मोजण्यास सांगितले. लहान प्रयोगशाळेला ती मोजणी परवडत नाही. तरीही व्हँकोमायसिनचे वर्तुळ मोजून ‘सेन्सिटिव्ह’ असा शिक्का मारण्यापेक्षा तो रकाना रिकामा ठेवणे अधिक प्रामाणिक आहे.

महाविद्यालयांतील अभ्यासक आपल्या परिसरातील रुग्णांचे नमुने गोळा करून त्यांतील स्टॅफिलोकोकसचे प्रमाण व प्रतिरोध मांडतात, तेव्हा त्या आकड्यांकडे कसे पाहावे हाही इतिहासाचाच प्रश्न आहे. तुलनेसाठी देशाचा आकडा हाताशी आहे: 2008 आणि 2009 या वर्षांत 15 केंद्रांतील 26310 स्टॅफिलोकोकस ऑरियस तपासले गेले आणि त्यांपैकी 41 टक्के मेथिसिलिनला न जुमानणारे निघाले. पण ती केंद्रे मोठ्या रुग्णालयांची होती. तालुक्याच्या लॅबमध्येही नमुना येतो तो बहुधा एक-दोन औषधे फसल्यानंतरच, म्हणून तेथे दिसणारा प्रतिरोध गावातील सर्व जखमांचा नसून हट्टी जखमांचा असतो. पहिल्याच दिवशीच्या, औषध न घेतलेल्या रुग्णाचा नमुना तपासला गेला तरच गावाचे खरे चित्र दिसेल. परंतु त्या रुग्णाला तपासणीचा खर्च करायला लावणे डॉक्टरला जड जाते, आणि सरकारी व्यवस्थेत ती तपासणी फुकट व्हावी ही मागणी त्यामुळेच रास्त ठरते. डॉक्टर पहिले औषध अहवाल येण्यापूर्वी, स्थानिक अनुभवावरून निवडतो, आणि नागपूर-मुंबईचे आकडे त्या कामी फारसे उपयोगी पडत नाहीत.

सरकारने 2011 मध्ये प्रतिरोध आवरण्याचे राष्ट्रीय धोरण जाहीर केले. 1 मार्च 2014 पासून अनुसूची एच-1 लागू होऊन तिसऱ्या व चौथ्या पिढीतील अनेक प्रतिजैविकांच्या विक्रीची नोंद दुकानदाराने ठेवणे बंधनकारक झाले. 2017 मध्ये राष्ट्रीय कृती आराखडा आला. यांतील पहिल्या दोन उपायांचा रोख औषधाच्या नियंत्रणावर अधिक आहे. तिसऱ्यात प्रयोगशाळांचे जाळे बळकट करण्याची भाषा आहे, पण ते जाळे प्रामुख्याने वैद्यकीय महाविद्यालयांपर्यंत विणले गेले.

209 जुन्या वाणांच्या ज्या अभ्यासाचा वर उल्लेख आला, तो शक्य झाला कारण कोलिंडेलच्या प्रयोगशाळेने 1960 पासूनचे जंतू नोंदी लावून जपून ठेवले होते. तालुक्याच्या लॅबमध्ये काम झालेली बशी त्याच दिवशी वाफेच्या यंत्रात निर्जंतुक करून टाकली जाते, आणि सुरक्षिततेच्या दृष्टीने ते योग्यच आहे. म्हणून पुसदच्या जखमांमध्ये मेक-ए जनुक प्रथम कधी आले, याचे उत्तर जंतूंकडून मिळणार नाही. ते मिळाले तर लॅबच्या जुन्या नोंदवह्यांतून मिळेल, ज्यांत नमुन्याची तारीख, जंतूचे नाव आणि प्रत्येक चकतीपुढचे एक अक्षर एवढेच लिहिलेले असते, आणि ज्या बहुतेक ठिकाणी काही वर्षांनी रद्दीत जातात.